विचारलेलं नाही

४ फेब्रुवारी

ढब्बू,

तुझ्या जहाजावर फोन लागत नाही पण ई-मेलने लिहिलेलं पोचतं, असं तुझी आई म्हणाली, म्हणून लिहिते आहे. खुशाली शेवटी. आधी माझं ऐक, कारण माझं डोकं फिरलंय.

तुला माहीत आहे, मी आपली इस्पितळात केसपेपरच्या खिडकीवर होते. नाव सांगा, वय सांगा, कुठे दुखतंय, त्या बाकावर बसा. सुखात होते. मग आमचे डेटाबेस सांभाळणारे गृहस्थ दुसरीकडे चांगली नोकरी मिळाली म्हणून निघून गेले, आणि तक्तेसाहेबांनी चहा पिता पिता जाहीर केलं, "बाईंना सगळ्या नोंदी तोंडपाठ आहेत, आता बाईच बघतील." (तक्तेसाहेब म्हणजे आमचे प्रशासक. ज्याचा त्याचा तक्ता करून मागतात.) मी म्हटलं, "साहेब, मला नोंदी येतात, डेटाबेस येत नाही." तर म्हणाले, "एकच की हो!" एकच म्हणे. बसमध्ये बसता येतं म्हणून मला बस चालवायला देतील का हे? तीन महिने बघणार आहेत. जमलं तर कायमची तिथे, नाही जमलं तर परत खिडकी. आणि खिडकीवर आता दुसरी बाई बसवली आहे, म्हणजे तिथेही मला जागा आहे की नाही, देव जाणे.

मला जिन्याखालची खोली दिली आहे. तिच्यात एक सर्व्हर आहे, एक पंखा आहे जो फक्त सर्व्हरला वारा घालतो, आणि हात निखळलेली एक खुर्ची आहे ती माझी. शिवाय आधीच्या गृहस्थांनी ठेवलेलं एक जाडजूड पुस्तक. पहिल्या पानावर लिहिलंय की हे अगदी नवशिक्यांसाठी आहे. तिसऱ्या ओळीपासून लेखक नवशिक्यांना साफ विसरला.

आता मुद्दा. प्रत्येक पेशंटच्या पानावर 'औषधाची ॲलर्जी' असा रकाना आहे. तो भरलेला नसेल तर पडद्यावर तिथे लाल चौकोन दिसतो. आमच्याकडे निम्मी पानं लाल आहेत, कारण खिडकीवर एवढी गर्दी असते की तो प्रश्न कोणी विचारतच नाही. पुढे इस्पितळाच्या तपासणीला वरून माणसं यायची आहेत आणि तक्तेसाहेबांना लाल रंगाचा धसका बसलाय. मला म्हणाले, आधी असे किती आहेत ते काढून द्या.

पुस्तकात बघितलं, तर रिकाम्या रकान्याला 'नल' म्हणतात. मला आधी पाण्याचा नळ वाटला, ते असो. मी डेटाबेसला नीट सभ्यपणे विचारलं, ज्यांची ॲलर्जी बरोबर नल (मध्ये ते बरोबरचं चिन्ह घालून), ते सगळे दाखव. तो म्हणतो, असा एकही पेशंट नाही. अरे, एकही नाही काय? समोर लालेलाल दिसतंय! पुन्हा विचारलं. एकही नाही. एकदा तर मी उठून सर्व्हरला चापट मारली. पंखा थांबला, म्हणून परत बसले.

तू या धंद्यातला आहेस. सांग, हा माझ्याशी खोटं का बोलतो?

आता खुशाली. ताईच्या पित्ताशयातल्या खड्यांचं ऑपरेशन आमच्याकडेच करायचं ठरलंय, मार्चच्या मध्यावर. काळजी करू नकोस, मी आहे. तू यायची काहीच गरज नाही.

मावशी

---

११ फेब्रुवारी

मावशी,

आधी एक गोष्ट. सर्व्हरला मारायचं नाही. तू टीव्हीला मारायचीस ते दिवस गेले.

तो खोटं बोलत नाहीये, तूच चुकीचं विचारते आहेस. नल म्हणजे शून्य नव्हे, आणि नल म्हणजे 'नाही'ही नव्हे. नल म्हणजे 'माहीत नाही'. समज, तुझ्या खिडकीवर दोन माणसं आली आणि दोघांचीही वयं तुला माहीत नाहीत. मग ती दोघं एकाच वयाची आहेत का? तू काय सांगशील? काहीच सांगता येत नाही. डेटाबेसचंही तेच होतं. 'बरोबर नल' असं विचारलं की तो गप्प बसतो. त्याला 'बरोबर' म्हणायचंच नाही, 'नल आहे का' एवढंच विचारायचं. सोबत ती ओळ नीट लिहून पाठवतो आहे, जशीच्या तशी उतरव. स्वतःची अक्कल घालू नकोस.

बाकी नियम कान उघडे ठेवून वाच. रोज काम सुटताना बॅकअप घ्यायचा, अगदी काही बदललं नाही असं वाटलं तरी. काही बदलायच्या आधी, आपण नेमकं काय बदलणार आहोत ते नुसतं दाखवून घ्यायचं, मग बदलायचं. पासवर्ड कोणाला सांगायचा नाही. तक्तेसाहेबांनाही नाही. ते साहेब आहेत म्हणून त्यांना सगळ्या किल्ल्या द्यायच्या असं काही नसतं.

इथे आमचं जहाज समुद्राच्या तळाची मोजमापं घेत हिंडतंय आणि ती सगळी माझ्या डोक्यावर येऊन पडताहेत. त्यात भर म्हणून कप्तान रोज विचारतो, "किती भरलं?" जसं काही पोतंच आहे. त्यामुळे माझा सूर तिरका वाटला तर समजून घे.

आईला विचार, ऑपरेशनला मी येऊ का. रसद घेऊन येणारी बोट त्याच्या आधी एकदा येते, तिने उतरता येईल. सुटीचं जरा ओढाताणीचं आहे, पण जमवेन.

ढब्बू

---

१६ फेब्रुवारी

ढब्बूशेठ,

जमलं! तू दिलेली ओळ घातली आणि सगळे लाल रांगेत येऊन उभे राहिले. एवढे दिवस मला छळलं आणि एका 'आहे का'ने सरळ झाले.

आता पुढचं ऐक आणि मावशीची पाठ थोपट. किती रिकामे आहेत तो आकडा घेऊन मी तक्तेसाहेबांकडे गेले. त्यांनी कपाळाला हात लावला. म्हणाले, "बाई, तपासणीपर्यंत यांचं काहीतरी करा." परत येऊन बसले आणि विचार केला. ज्याला ॲलर्जी असते तो बोंबलत येतो, खिडकीवर मी बघितलंय ना. काही न बोलणारा म्हणजे त्याला काही नाही. मग पुस्तक उघडलं, एका धड्यात सापडलं, आणि जिथे जिथे नल होतं तिथे तिथे एका फटक्यात 'नाही' भरून टाकलं. तू म्हणालास तसं आधी दाखवून घेतलं, मगच भरलं. बॅकअपही रोज घेते आहे, मान खाली घालून.

आणि एवढ्यावर थांबले नाही. यापुढे नवा पेशंट आला आणि कोणी तो रकाना भरला नाही, तर तिथे आपोआप 'नाही' पडेल अशी सोय केली आहे. म्हणजे पुन्हा लाल दिसायचं नावच नको. आधीच्या गृहस्थांना एवढ्या वर्षांत हे सुचलं नाही, बघ.

तक्तेसाहेब पडद्यासमोर उभे राहून नुसते बघत राहिले. सगळं पांढरं स्वच्छ. मला वाटलं आता डोळे पुसतात. म्हणाले, "बाई, तुमचं कायम झाल्यात जमा आहे." खुर्ची बदलून द्या म्हटलं, तर त्याचा तक्ता करून द्या म्हणाले.

ताईला काही विचारलं नाही. विचारायचं काय त्यात? ती नाहीच म्हणणार. तुझी सुटी फुकट जाईल म्हणून तिला झोप लागायची नाही. मी तिला पुरती ओळखते. तू निवांत तुझा समुद्र मोज.

मावशी

---

१८ फेब्रुवारी

मावशी,

तुझं पत्र वाचून मी डेकवर जाऊन दोन फेऱ्या मारल्या आणि मग लिहायला बसलो. तरी चिडून लिहितो आहे. इलाज नाही.

काय केलंस हे तू? मी शब्दन्‌शब्द लिहिलं होतं, नल म्हणजे 'नाही' नव्हे. तू ते वाचलंस, त्यातली ओळ उतरवून घेतलीस, आणि तीच ओळ वापरून नेमकं तेच केलंस. शाळेत असताना तू मला बेरजा शिकवायचीस तेव्हा पट्टी मारायचीस. ती पट्टी आत्ता माझ्याकडे असती तर बरं झालं असतं.

तुमच्याकडे तो लाल चौकोन कशासाठी आहे? तो बघूनच वॉर्डातली सिस्टर पेशंटला विचारते ना, "कुठल्या औषधाचा त्रास होतो का?" आता ती 'नाही' वाचेल, विचारणार नाही आणि इंजेक्शन भरेल. ज्यांना कधी कोणी काही विचारलंच नाही त्या सगळ्यांच्या तोंडी तू 'नाही' घातलंस. त्यांतल्या एकाला जरी खरंच ॲलर्जी असली तर? 'बोंबलत येतो' म्हणे! बेशुद्ध माणूस बोंबलतो का?

आता नीट ऐक, आजच करायचं आहे. ते आपोआप 'नाही' पडणं पहिल्यांदा बंद कर. मग तू हा उद्योग केलास त्याच्या आदल्या दिवसाचा बॅकअप घे. तो चालू डेटाबेसवर ओतू नकोस. हे मी दोनदा लिहितो: चालू डेटाबेसवर ओतू नकोस, नाहीतर त्यानंतरच्या सगळ्या खऱ्या नोंदी पुसल्या जातील. तो बाजूला, वेगळ्या नावाने उघड. मग जुना आणि चालू शेजारी शेजारी ठेवून ताडून बघ. जिथे तेव्हा नल होतं आणि आता 'नाही' आहे, तेवढेच परत नल कर. मधल्या दिवसांत आलेले नवे पेशंट जुन्यात सापडणार नाहीत, त्यांचंही 'नाही' काढून टाक. त्यांत काहींना कोणी खरंच विचारलेलं असेल, तरी होऊ दे लाल. दुसऱ्यांदा विचारल्याने कोणी मरत नाही.

आणि हे करायला बसण्याआधी तुमच्या मुख्य सिस्टरना, मेट्रनना, जाऊन सांग. तक्तेसाहेबांना नाही, मेट्रनना. लपवू नकोस. नोकरीचं काय व्हायचं ते होऊ दे.

आईचं ऑपरेशन तिथेच आहे, हे तरी तुझ्या लक्षात आहे का?

ढब्बू

---

२३ फेब्रुवारी

चि. ढब्बूस,

तुझं पत्र मिळालं. मावशीशी बोलायची ही रीत नव्हे. तुझा शेंबूड मी पुसलाय. पत्र वाचून मी त्याचा छापलेला कागद उशीखाली कोंबला आणि ठरवलं, आता या कार्ट्याला एक ओळ लिहायची नाही.

मग तुझं ते बेशुद्ध माणसाचं वाक्य डोक्यात घोळायला लागलं. ते काही जाईना. गेले मेट्रनकडे.

मेट्रन औषधांचं कपाट लावत होत्या. मी सगळं सांगितलं. मला वाटलं ओरडतील. त्यांनी कपाट बंद केलं, स्टुलावर बसल्या आणि एवढंच म्हणाल्या, "केव्हापासून?" ते ओरडण्यापेक्षा वाईट होतं रे. मग उठल्या आणि सगळ्या वॉर्डांत सिस्टरना पिटाळलं, की पडद्यावर काय आहे ते सोडा, प्रत्येकाला तोंडाने विचारा. कोणाला काही झालेलं नाही. देवाची कृपा म्हण, नाहीतर मेट्रनची.

त्यानंतर मी खाली जाऊन तुझ्या म्हणण्याप्रमाणे केलं. बॅकअप बाजूला उघडायला गेले तर तो म्हणे, जागा नाही. आधीच्या गृहस्थांनी सर्व्हरवर स्वतःच्या सहलींचे फोटो साठवून ठेवलेत! डोंगरापुढे हे, धबधब्यापुढे हे. ते काढले, जागा झाली. मग उघडला. मग ताडायची ओळ चार प्रकारे चुकवली. एकदा त्याने मला सांगितलं की सगळंच वेगळं आहे, एकदा सांगितलं की काहीच वेगळं नाही. पुन्हा तीच भानगड, नलला 'बरोबर' विचारत होते. म्हटलं, बाई गं, तू मरेपर्यंत हीच चूक करणार. पण शेवटी जमलं. आधी दाखवून घेतलं, मेट्रनना शेजारी उभं करून. मग परत नल केलं. सगळं इस्पितळ पुन्हा लाल झालं आणि मला इतकं बरं वाटलं.

तक्तेसाहेब आले, पडदा बघितला आणि मटकन बसले. मी समजावलं, मेट्रननी समजावलं. सगळं ऐकून घेतलं आणि मला हळूच विचारतात, "बाई, तो चौकोन लालऐवजी हिरवा करता येईल का?" आता या माणसाला मी काय म्हणू? माझं 'कायम' आता कुठे गेलं कोण जाणे. त्यांनी तो विषयच काढला नाही.

ताईचं पानही इतरांबरोबर लाल झालं होतं, तेवढं मात्र मी हाताने परत 'नाही' केलं. तिची मला खात्री आहे. एका ताटात जेवलोय, एका अंथरुणात झोपलोय. तिला धूळ चालत नाही, बाकी कशाचा त्रास नाही.

तुझी मावशी (अजून रागावलेली)

---

२५ फेब्रुवारी

मावशी,

मेट्रनकडे गेलीस, छान केलंस. हे मनापासून लिहितो आहे. मी ज्या भाषेत लिहिलं त्याबद्दल माफ कर, म्हणजे भाषेबद्दल, मुद्द्याबद्दल नाही.

पण आता मला पुन्हा डेकवर जावं लागणार असं दिसतंय. आईचं 'नाही' तू कशाच्या जोरावर भरलंस? तुला खात्री असणं वेगळं आणि तिला विचारलेलं असणं वेगळं. यावरच आपण इतके दिवस भांडतोय ना?

मलाही माहीत नाही, म्हणून सांगतो. मी मुलगा आहे तिचा आणि तिला कुठलं औषध चालत नाही हे मला सांगता येणार नाही. बाबांना कदाचित माहीत असेल, पण ते नाहीत.

जाऊन विचार. तिच्यासमोर बस, प्रश्न विचार आणि मग गप्प राहा. गप्प राहणं तुला जड जाईल, पण प्रयत्न कर.

ढब्बू

---

२ मार्च

ढब्बू,

गेले होते. काल दुपारी.

ताई खिडकीपाशी बसून कोणाच्या तरी पडद्यांना टीप घालत होती. तोंडात टाचण्या. मी चप्पल काढता काढताच म्हटलं, "तो ढब्बू माझं डोकं खातोय, म्हणून विचारते. तुला कुठल्या औषधाची ॲलर्जी नाही ना?" आणि मग मलाच ऐकू आलं, मी 'नाही ना' म्हणाले. तुझी आठवण झाली. खाली बसले आणि पुन्हा विचारलं, "ताई, तुला कुठल्या औषधाची ॲलर्जी आहे का?"

आणि गप्प राहिले. खरंच राहिले.

तिने एकेक टाचणी तोंडातून काढून उशीला टोचली. म्हणाली, "आहे. पेनिसिलिनची."

म्हटलं, "कधीपासून?"

"ढब्बू हॉस्टेलला होता तेव्हाची गोष्ट. घसा धरला होता, कोपऱ्यावरच्या डॉक्टरांनी इंजेक्शन दिलं. घरी पोचेपर्यंत ओठ एवढे सुजले. श्वास मिळेना. हे होते म्हणून वाचले. मला रिक्षात घातलं आणि वाटभर हात धरून बसले."

"आणि मला सांगितलं नाहीस?"

"तू विचारलंस का?"

"अगं, अशी गोष्ट काय विचारावी लागते?"

तेव्हा ती जी माझ्यावर उखडली, ढब्बू, आयुष्यात कधी उखडली नव्हती. "तुझ्याशी बोलताना लागते," म्हणाली. "मी तोंड उघडायच्या आत तू माझं उत्तर देऊन मोकळी होतेस. डॉक्टरांनी मला विचारलं, दुखतं का, तर तू म्हणालीस, फार नाही. दुकानात कापड बघते तर तू दुकानदाराला सांगतेस, हिला निळा आवडत नाही. मला निळा आवडतो गं! लहानपणापासून आवडतो. तुला आवडत नाही."

मी रडले, सांगून टाकते. ती उठून पाणी घेऊन आली. पेला हातात देताना म्हणाली, "हवंय ना? की मीही न विचारताच आणलं?" मग दोघी हसलो, पण ते काही खरं हसू नव्हतं.

तिला तशीच रिक्षात घालून इस्पितळात नेलं. मेट्रन म्हणाल्या, ऑपरेशनआधी जे इंजेक्शन आमच्याकडे सरसकट देतात ते त्याच जातीचं आहे. पुढचं त्या बोलल्या नाहीत. मीही विचारलं नाही, आणि हे एक असं आहे की मला विचारायचंही नाही.

ताईचं पान मी आधी परत रिकामं केलं. मग लाल चौकोनासमोर सिस्टरला बसवलं. तिने ताईला विचारलं, ताईने तिला सांगितलं आणि सिस्टरने भरलं. मी भिंतीला टेकून उभी होते, तोंडावर हात ठेवून.

तपासणीची माणसं परवा येऊन गेली. लाल का, असं त्यांनी विचारलंच. मी म्हटलं, विचारायचे राहिलेत म्हणून. त्यांनी ते लिहून घेतलं. कशासाठी लिहून घेतलं, कळायला मार्ग नाही. नोकरीचं मला आता खरंच फारसं वाटत नाही. नाही, खोटं कशाला बोलू, वाटतं. खिडकीपेक्षा मला ती जिन्याखालची खोली आवडायला लागली आहे.

आणखी एक. तू ऑपरेशनला येऊ का, असं तिला विचार म्हणून लिहिलं होतंस. ते मी अजून विचारलेलं नाही. आता विचारणारही नाही. ते तुझं तू विचार, आणि तिलाच विचार.

मावशी

---

४ मार्च

प्रिय आई,

मावशीचं पत्र आलं. ते वाचल्यापासून माझं कामात लक्ष नाही. आज कप्तानाने "किती भरलं?" विचारलं तेव्हा मी त्याला कालचाच आकडा सांगितला.

तू मरता मरता वाचलीस आणि मला त्यातलं काही माहीत नव्हतं, याचा मला फार राग आला आहे. कोणावर ते कळत नाही. मावशीला मी पानभर झापलं, पण मी तरी काय केलं? गेली कित्येक वर्षं तुला काही विचारायचं असलं की मी मावशीला विचारतो. ती म्हणते, गरज नाही, आणि मी ते मान्य करतो, कारण ते मला परवडतं. सुटी वाचते, प्रवास वाचतो. तुझ्या उत्तराची मी वाट बघितलीच नाही.

म्हणून हे पत्र तुला. दोनच गोष्टी विचारतो आहे आणि तू काय सांगशील याचा अंदाज करायचा नाही असं ठरवलं आहे.

तुला ऑपरेशनची भीती वाटते का?

मी यावं असं तुला वाटतं का?

माझी अडचण काय, सुटी किती, ते तू बघू नकोस. तुला काय हवं तेवढंच लिही. रसदीची बोट पुढच्या आठवड्यात येते. जागा धरून ठेवली आहे, पण तुझं उत्तर येईपर्यंत तिच्यावर पाय ठेवणार नाही.

तुझा

ढब्बू

---

८ मार्च

बाळा,

तुझं पत्र आलं. वाचलं आणि आधी वैताग आला. एवढी वर्षं कोणी काही विचारलं नाही, आणि आता एका आठवड्यात सगळेच विचारायला लागलेत. सिस्टर विचारते, मेट्रन विचारतात, तुझी मावशी तर चहात साखर घालायच्या आधी चमचा हवेत धरून उभी राहते. काल मी तिला म्हटलं, घाल गं बाई, एवढ्या वर्षांची सवय आहे, घाल!

तरी तू विचारलंस, तर सांगते.

भीती वाटते. ऑपरेशनची म्हणशील तर थोडीच. भूल उतरल्यावर मी डोळे उघडेन, समोर तुझी मावशी असेल, आणि ती सिस्टरला सांगत असेल की हिला तहान लागलेली नाही, याची जास्त वाटते. मागच्या वेळी श्वास अडकला होता तेव्हा हात धरायला तुझे बाबा होते. या वेळी कोण, हे रोज मनात येतं आणि मी शिवणाचं मशीन जोरात चालवते.

तू यावंस असं वाटतं का? हो. खूप वाटतं. तुला मी कधी म्हटलं नाही, कारण तुला नोकरी सोडून येता येणार नाही असं मी धरून चालले होते. येतोस का, असं मीही कुठे विचारलं तुला? मावशीला एकटीला बोल लावून काय उपयोग? ही सवय सगळ्या घरालाच आहे.

आता रसदीच्या बोटीचं. त्या बोटीने घाईघाईने येऊ नकोस. दोन दिवस येशील, उशाशी घड्याळ घेऊन बसशील आणि मला बरं वाटायच्या आत निघशील. काल मी मावशीला बाहेर बाकावर बसवून एकटी डॉक्टरांच्या खोलीत गेले. विचारलं, ही तारीख कोणी ठरवली? म्हणाले, "तुमच्या बहिणीने. तुम्हाला चालेल असं त्या म्हणाल्या." मी विचारलं, पुढे ढकलली तर चालेल का? त्यांनी सोनोग्राफीचा फोटो बघितला, पोट दाबून बघितलं आणि म्हणाले, "महिनाभर काही हरकत नाही, फक्त तेलकट खाऊ नका. मग कधी करायचं?"

मी म्हटलं, मुलाला विचारून सांगते.

तर तुझं जहाज किनाऱ्याला कधी लागतं ते कळव. तारीख मी देणार आहे.

आई